वास्को ते इब्रामपूर: तांबूची बालदी

संगीताचा फोन आला तेव्हा मी मिक्सरला शिव्या घालत होते. लाईट गेली होती. अर्धं खोबरं वाटलेलं, अर्धं तसंच, आणि आमचे हे पंखा बंद पडला म्हणून गॅलरीत उभे राहून सगळ्या मुरगाव बंदराला ऐकू जातील असे उसासे टाकत होते.

संगीता म्हणजे माझी भाची, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. मांद्र्याला दिलीय. समुद्राजवळ तिचं लहानसं गेस्टहाऊस आहे, कामाला वाघीण आहे.

"आत्या, आईक तूच समजाव गो," ती म्हणाली. "येतल्या पावसात मी तिका एकटी वर ठेवची नाय. एक तर कोणतरी तिच्या वांगडा र्‍हवाक व्हया, नाय तर गाय दुसर्‍याक देवन ती हय येतली. मी तिका सांगून टाकलंय."

तिची आई म्हणजे माझी वहिनी. आम्ही वयनी म्हणतो. भाऊ गेल्यापासून ती इब्रामपूरच्या वर, डोंगराच्या पोटात, काजूच्या बागेतल्या घरात एकटी राहते. एकटी म्हणजे ती आणि तांबू. तांबू ही गाय. त्या घरात वीज नाही. गावात आहे, पण तिथून वर तार न्यायची तर मधल्या तिघांच्या बागांतून खांब घालायला हवेत, आणि त्या तिघांचं एकमेकांशी पटत नाही. भावाने शेवटी नादच सोडला. "आमका काय काळोखात दिसणा नाय?" असं म्हणायचा.

मी त्याच घरात वाढले. लग्न होऊन वास्कोला आले ती तिसर्‍या माळ्यावर. बटण दाबलं की उजेड, नळ सोडला की पाणी, आणि दोन्ही गेलं की माणूस खुळं होतं. इतकी वर्षं झाली तरी दुपारी डोळा लागता लागता मला चुलीवरच्या पाण्याचा वास येतो. धुराचा नव्हे, धूर लागलेल्या पाण्याचा. ज्यांनी अशा पाण्याने आंघोळ केलीय त्यांना कळेल.

"मी येतंय र्‍हवाक," मी म्हटलं. माझं तोंड माझ्या आधी धावतं, ही जुनी खोड.

पलीकडे संगीता हसली. "तू? आत्या, आत्ताच मिक्सरासाठी बोंब मारी होतंस. आठ दिस र्‍हवान बघ आधी. आई हो म्हणाली तर माझा काय म्हणणा नाय."

झालं. बोलून बसले होते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तूं वच. हांव पंख्याखाला आसां." माणूस जन्मभर खनिजाच्या बार्जवर उन्हात भाजला, आता त्याला पंख्याखालून हलवणं देवालाही जमायचं नाही. मी म्हटलं, आधी मी बघते, मग तुमचं बघू.

आता जाणार असाल तर नीट वाचा, कारण इब्रामपूरला जायचं म्हणजे सकाळ हातात धरून निघावं लागतं. वास्कोहून पणजीची शटल बस, पणजीहून म्हापशाची दुसरी शटल. इथवर सोपं. म्हापशाहून मात्र इब्रामपूरच्या बसा मोजक्या. चुकली तर स्टँडवर भजी खात बसा. माझी चुकली, मी खाल्ली, मिरचीची चांगली असतात. सगळं तिकीट मिळून शंभर-सव्वाशेच्या आत बसतं. गावात उतरल्यावर वर जायला मोटारसायकलवाला पायलट मिळाला तर मिळाला. तो काजूच्या बोंडांच्या ढिगापर्यंत नेतो आणि म्हणतो, "फुडें तुमचे तुमी." तिथून चढ. चपला चांगल्या घाला. मी बाजारातल्या नव्या घातल्या होत्या, एक तिथेच तुटली.

चैत्र होता. बागेत सगळीकडे पिकल्या बोंडांचा तो आंबूस वास, नाकात जाऊन बसतो. वयनी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून बोंडांपासून बिया पिळून वेगळ्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "इलंस? एक चप्पल खय?"

"तुझ्या डोंगरान खाल्लीन."

"डोंगराक दुसरा काम काय आसा?" म्हणाली आणि बसल्या जागेवरून ताज्या निर्‍याचा तांब्या पुढे केला. निरो म्हणजे बोंडांचा रस, आंबायच्या आधीचा. गोड, तुरट, घशाला जरा धरणारा. शहरात बाटलीत भरून विकतात तो मी प्याले आहे. तो आणि हा यांचं नातं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी पिशवीतून भेटी काढल्या. चांगली टॉर्च, डासांची उदबत्ती आणि भांडी घासायचं हिरवं लिक्विड, मोठी बाटली. वयनीच्या बोटांना राखेने भेगा पडतात म्हणून मुद्दाम घेतलं होतं. तिने बाटलीचं बूच उघडून वास घेतला. "लिंबाचो वास येता. लिंबू खय आसा ह्यात?" आणि बाटली जनेलावर, म्हणजे खिडकीत, ठेवून दिली.

मग सुरू झाली शिकवणी. तिने शिकवायला घेतलं असं नाही. ती आपली कामं करत राहिली आणि मी मधे मधे ठेचकाळत राहिले.

त्या घरात सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, हे मी विसरले होते. पाणी वरच्या झरीतून पाइपाने टाकीत येतं, बारीक धार. टाकी भरायला रात्र जाते. म्हणून सकाळी कोणी उधळलं तर दुपारी तोंड धुवायला नाही. आंघोळ केळींच्या बुंध्याशी करायची, म्हणजे तेच पाणी केळींना. चुलीतली राख तीन ठिकाणी जाते: भांड्यांना, मिरचीच्या रोपांना आणि मागच्या संडासाच्या खड्ड्यात. रात्री झोपताना चुलीतले निखारे राखेखाली पुरायचे. सकाळी राख सारली की ते लाल डोळे उघडतात, वर माडाचं सुकं चुडत, म्हणजे झावळी, टाकायची, फुंकर, झाला जाळ. माचीस लागत नाही.

मी पहिल्या रात्री निखारे पुरले आणि वर एवढी राख ओतली की सकाळी सगळं गार. दुसर्‍या रात्री कमी ओतली, ते रात्रीतच जळून गेले. वयनीने नुसती माचीस माझ्या हातात दिली. मला बोललेलं परवडतं. असं माचीस हातात दिलेलं परवडत नाही.

"किती राख घालूची, सांग तरी," मी चिडले.

"हाताक कळता."

"माझ्या हाताक कळणा नाय म्हणान तर विचारतंय!"

"मगे रोज घाल. कळतला."

माझ्यासारख्या बाईला 'कळतला' हा शब्द म्हणजे शिक्षा. मला आज कळायला हवं असतं. वास्कोत मी कुकरच्या शिट्याही पूर्ण होऊ देत नाही. पण तिसर्‍या दिवशी संध्याकाळी, पाच वाजायच्या आत रांधून आम्ही खळ्यात बसलो. उजेड होता तोवर वयनी बिया निवडत होती, मी कण्यांची पेज आणि सुक्या सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, किसमूर खात होते, समोर पलीकडचा दोडामार्गाकडचा डोंगर हळूहळू निळा होत होता. मला एकाएकी कळलं की मी दिवसभरात घड्याळ बघितलंच नाही. पेजेतली कुलेर, म्हणजे चमचा, तशीच हातात राहिली. मला इथेच राहायचं होतं. नुसतं वयनीसाठी नव्हे. मला स्वतःसाठी राहायचं होतं, आणि ते इतकं जोरात हवं होतं की कोणी नको म्हणेल याचीच भीती वाटली.

"वयनी, मी र्‍हवलंय तर चलात मां तुका?" मी विचारलं.

"तांबूक विचार," ती म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. तांबू गोठ्यातून रवंथ करत आमच्याकडे बघत होती, तोंड बाजूला सरकवत, एखादी म्हातारी पान चघळते तशी.

चौथ्या दिवशी मी घाण केली.

सांगते. त्या घरात चुलीशेजारी एक बालदी असते. तांदळाचं धुवण, पेजेच्या टोपाचं खरवडलेलं पाणी, भाजीची देठं, केळीच्या साली, सगळं त्यात. ती तांबूची बालदी. माझ्या लहानपणी हेच माझं काम होतं. भांडी विसळायची, पहिलं पाणी बालदीत ओतायचं, मग राखेने घासायची. हात इतका बसलेला की डोळे मिटून करीन.

त्या दिवशी वयनी बिया विकायला खाली गेली होती. घर माझ्या ताब्यात. मला वाटलं, येईपर्यंत सगळं लखलखीत करून दाखवावं. राखेने उशीर होतो. मी जनेलावरची हिरवी बाटली काढली, टोप, पातेली, ताटं फेसाने घासली, आणि विसळलेलं पाणी ओतलं. कुठे? बालदीत. हाताने ओतलं. माझ्या डोक्याने नव्हे, त्या जुन्या हाताने. घासायची सवय वास्कोची आणि ओतायची सवय इब्रामपूरची. दोन्ही माझ्याच, दोन्ही अर्ध्या. मग शहाणपणा करून वर मूठभर कोंडा घातला, मीठ घातलं, आणि तांबूपुढे ठेवली. तिने हुंगलं, मान वळवली. मी तिला चुचकारलं, "पी गो बाये." उन्हाची वेळ होती, तहानलेली होती. प्याली. निम्म्याहून जास्त प्याली.

वयनी दुपार कलताना आली. गोठ्यापाशी थांबली. तांबूकडे बघितलं नाही, नुसता कान दिला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ती रवंथ कित्याक करणा नाय?"

मला तर लक्षातच आलं नव्हतं. गोठ्यात एक आवाज कायम चालू असतो, तो बंद होता. तांबू मान खाली घालून उभी, तोंडाला फेस, शेपटी माखलेली. वयनीने बालदी उचलली, तळाशी बोट फिरवलं, बोटावर बोट घासलं. बुळबुळीत. जनेलाकडे बघितलं. बाटलीची जागा बदललेली होती.

माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ताक आण," आणि पदर खोचला.

आम्ही ओवा, आलं आणि गूळ कुटून ताकात घातलं, बांबूच्या नळीतून पाजलं. मी तांबूचं डोकं धरलं होतं. तिच्या जिभेचा खरखरीत स्पर्श माझ्या मनगटाला होत होता. पेडण्याच्या गुरांच्या डॉक्टरला फोन करायला मी खाली दुकानापर्यंत धावले, कारण वर माझ्या फोनला रेंज नव्हती, चार्जिंगही नव्हतं, आणि वयनीचा साधा फोन चार्जिंगसाठी दुकानातच ठेवलेला होता. अनवाणीच धावले. तो म्हणाला सकाळी येतो, तोवर भरपूर साधं पाणी पाजा, चारा घालू नका. सकाळी आला, बघितलं, सुई मारली. "वांचतली," म्हणाला, "पूण हें कोणी केलें?" मी पुढे होऊन म्हटलं, मी. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी आणखी काही बोलायच्या आत पिशवी आवरली.

तो दिवस आणि पुढचा अर्धा दिवस आम्ही दोघी गोठ्याच्या उंबर्‍यावर बसून होतो. काजू जमिनीवर पडून राहिले. मी पहिल्यांदा आयुष्यात नुसती बसले. काही करायला नव्हतंच. वयनी मधेच बोलली, "तुझो भाव हिका लहान असताना खांद्यावरसून वर घेवन इल्लो." मी विचार करत होते की ही गाय गेली तर वयनीला वर ठेवणारं काहीच उरणार नाही, आणि तिला मांद्र्याला पाठवणारी मी असेन. जिला स्वतःला इथे राहायचं होतं ती मीच.

दुसर्‍या दिवशी दुपारी तो आवाज आला. खर्रर, थांबा, खर्रर. आम्ही एकमेकींकडे बघितलं. तांबूचं तोंड बाजूला सरकत होतं. वयनीने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "बसलंस काय? काजू सगळे मुंगळे खातले."

निघायच्या आदल्या दिवशी मी परत विचारलं. हिंमत लागली, पण विचारलं.

वयनी निखारे पुरत होती. "शालू, चैतात कोणीय र्‍हवात," ती म्हणाली. "सुक्या लाकडान जाळ कोणीय करीत. मिरग लागलो की ये. वल्या लाकडार जेवण करून दाखय, पायाक जळवो लागल्यो तरी झरीर जाऊन दाखय. मगे बोलू." मग जरा थांबून, "आणि तोवर थय, तुझ्या बिल्डिंगीत, एक कर. साबू लावच्या आधीचा पाणी येगळा काढ. रोज. म्हयनो-दोन म्हयने. इसारलंस तर माका फोन करून सांग. खोटा बोलू नको."

"थय गाय खय आसा, वयनी?"

"गाय हय आसा. सवय थय लाव."

त्या रात्री निखारे मी पुरले. सकाळी राख सारली तर तळाशी दोन होते. दोनच, पण लाल.

येताना मी मुद्दाम डिचोलीवरून आले. दोडामार्गाला बस बदलायची, साळ वगैरे करत डिचोली. जरा लांबचा रस्ता, पण बुधवार, तिथल्या बाजाराचा दिवस होता आणि मला डिचोलीच्या बाजारातून मातीचं भांडं हवं होतं. प्लास्टिकची बालदी घरात तीन आहेत, त्यांच्याकडे बघून मला सवय लागणार नाही हे मला माझं ठाऊक. कुंभारणीने मडकी पालथी घालून बोटाने वाजवून दाखवली. मी रुंद तोंडाचं घेतलं.

"लोणच्याक?" तिने विचारलं.

"गायीक," मी म्हटलं.

"फ्लॅटांत गाय पोसतात?" माझी पिशवी, माझे कपडे बघून ती म्हणाली. शेजारची वालपापडीवाली फिस्सकन हसली. मी किंमत घासाघीस न करता दिली आणि निघाले. डिचोलीत बाजारात गेलात तर भुकेल्या पोटी जाऊ नका. मी गेले, आणि गरम पावाच्या वासाने पोदेराच्या सायकलीमागे चालत राहिले. पुलावरून नदी दिसली. ह्यांची बार्ज ह्याच पाण्यातून खनिज घेऊन आमच्या बंदराकडे उतरायची. तेव्हा रस्ते तांबडे असायचे. आता खाणी बंद, नदी रिकामी आहे आणि हे पंख्याखाली आहेत.

मडकं तिसर्‍या माळ्यावर ओट्याच्या कोपर्‍यात बसलं. पहिल्या आठवड्यात मी इतक्यांदा विसरले की वयनीला फोन करायची लाज वाटू लागली. हात नळाखाली, हात साबणावर, आणि मग आठवण. फोन करायचे: "इसारलंय." ती म्हणायची, "बरा," आणि ठेवून द्यायची. हे विचारायचे, "कोणाक गो हें?" मी म्हणायचे, तांबूला. "तांबू इब्रामपुरांत, मडकें वास्कोंत," म्हणून हे आपल्या विनोदावर आपणच हसायचे. मी ते पाणी गॅलरीतल्या तेलाच्या डब्यातल्या कढीपत्त्याला घालायचे. हळूहळू विसरणं कमी झालं. एक दिवस बघते तर ह्यांनी जेवून उठल्यावर आपलं ताट मडक्यात विसळलं, न बोलता, आणि बेसिनकडे गेले. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर पुन्हा केलं नसतं.

पावसासाठी मी रबरी बूट घेतले. पिशवी भरून दाराशी ठेवली. हे म्हणाले, "म्हयनोभर वच. मागीर हांव येतां पळोवंक." बघायला येतो म्हणणं, त्यांच्या तोंडून हे म्हणजे मला लॉटरी.

आणि मिरग लागायच्या तोंडावर संगीताचा फोन आला. वळवाच्या पावसात वयनी झरीवर पाइप बघायला गेली आणि घसरली. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा सुजून भोपळा. खालच्या घरच्यांनी खुर्चीत बसवून उतरवली. संगीताने त्याच दिवशी गाडी आणून मांद्र्याला नेली. तांबू खालच्या त्याच घरी दिली. विकली नाही, दिली.

"आत्या, तू येवक निघाललंस, म्हायत आसा माका," संगीता म्हणाली. "पण आता तिका चढ चढाक जमाचा नाय. डॉक्टर नको म्हणालो."

मी भांडले. मी म्हटलं मी जाते वर, एकटी राहते, तांबूला परत नेते. संगीता म्हणाली, "आत्या, तुका राख किती घालूची ता तरी कळता?" ती वाईट नाही बोलली. खरं बोलली. दोन निखार्‍यांवर पावसाळा निघत नाही.

बूट अजून पिशवीत आहेत.

तुम्ही विचाराल, मग काय राहिलं? बागेला कुलूप, चूल गार, तांबू दुसर्‍याच्या गोठ्यात. मला अजून दुपारी त्या पाण्याचा वास येतो, आधीपेक्षा जास्त येतो. जाऊन आल्याने ओढ भागते असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं असेल त्यांनी थापा मारल्या.

परवा वयनीचा फोन आला. आता तीच करते, संध्याकाळी, संगीताच्या गेस्टहाऊसच्या मागच्या पायरीवर बसून. मागे समुद्र ऐकू येतो. मी म्हटलं, कशी आहेस. ती म्हणाली, "बरी. हय सगळ्याक साबू. मी उठान जायसर कामाची चेडवां टोप घासून मोकळी जातत. म्हणान मी आधीच जावन धुवण एका टोपात काढून ठेवतंय."

"कोणाक?"

मागे लाट फुटली.

"संगीता ओतून टाकता रोज," ती म्हणाली. "मी काढतंय रोज."

मी मडक्याकडे बघितलं. भरलेलं होतं.

"तुझ्या मडक्यात आज काय आसा?" वयनीने विचारलं.

"कण्यांची पेज. आणि भेंड्याची देठां," मी म्हटलं.

"तिका भेंड्याची देठां आवडतत," वयनी म्हणाली.